पाय दिसेल इतकं पाणी

वाळू पहिल्यांदा आईच्या उजव्या पायाला लागली. पोहायच्या पूलच्या पायऱ्या उतरून ती तळाच्या फरशीवर उभी राहिली, मी तिचा दंड धरला होता, आणि ती म्हणाली, “बाय, खाली कायतरी करकरतंय. उजव्याला लागतंय. डाव्याचं मला इचारू नको, त्याच्याखाली निखारा ठिवला तरी त्यो सांगायचा न्हाई.”

मी वाकून पाहिलं. फिल्टरमधलं पाणी जिथून पूलमध्ये परत येतं, त्या तोंडासमोर निळ्या फरशीवर बारीक वाळूचा पट्टा पसरला होता. आदल्या रविवारी पुण्याहून आलेल्या पाहुण्यांची पाच-सहा पोरं दिवसभर पाण्यात होती. ती पाय न धुता उतरली असणार, असं मी ठरवून टाकलं आणि मनातल्या मनात त्या सगळ्यांच्या आयांना दोन-दोन शब्द सुनावले. मला राग यायला वेळ लागत नाही. तो बरोबर माणसावर आलाय का, हे तपासायला मात्र वेळ नसतो.

आई आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेची, डिंभ्याच्याही वरच्या डोंगरातली. भात, नाचणी, वरई आणि आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत गुडघाभर चिखल, यात तिचा जन्म गेला. मला मात्र तिनं खाली बागायतीत दिलं, वारूळवाडीच्या शिवारात. इथं द्राक्षं, टोमॅटो आणि जिथंतिथं ठिबकच्या काळ्या नळ्या. पुढे आम्ही द्राक्षाचा मांडव थोडा कमी केला, सहा खोल्या बांधल्या, शेततळ्याच्या बाजूला पूल बांधला आणि शनिवार-रविवारी शहरातली माणसं आमच्याकडे पिठलं-भाकरी खायला यायला लागली. आई त्या पूलला हसायची. “लोकं पाण्यावाचून रडत्यात, आन तुमी ते नुसतं डुंबायला भरून ठिवलंय,” असं म्हणायची.

दिवाळीनंतर तिला अर्धांगाचा झटका आला आणि मी तिला माझ्याकडे घेऊन आले. बोलणं आठवड्यात परतलं, आणि परतलं ते नेहमीच्या धारेसकट. हातही हळूहळू चालायला लागला. डाव्या पायात ताकद आली, पण पायाची जाणीव आली नाही. मंचरहून फिजिओथेरपीच्या मॅडम यायच्या. त्यांनी मला अंगणात बाजूला घेऊन सांगितलं, “पाय चालेल, पण पाय कुठंय हे त्यांना आतून कळत नाही. ते आता डोळ्यांनी शिकायचं. खाली बघून पाऊल टाकायचं. जमिनीवर त्या पडायला घाबरतात, तुमच्याकडे पूल आहे, छातीभर पाण्यात चालवा. हे सुरुवातीचे महिने हातचे जाऊ देऊ नका.”

पूलपाशी मीच पाटी लावली आहे, की सुती कपडे घालून पाण्यात उतरू नये, धागे फिल्टरमध्ये जातात. आई सुती नऊवारीचा काष्टा घट्ट मारून त्या पाटीसमोरून खाली उतरली. “आवणीला हेच व्हतं,” ती म्हणाली. मला पाटी काढून टाकावीशी वाटली.

तो पहिला दिवस मी विसरणार नाही. पाणी इतकं स्वच्छ होतं की फरशीचा एकेक सांधा दिसत होता. आईनं मान खाली घातली आणि बराच वेळ स्वतःच्या डाव्या पायाकडे बघत राहिली. मग तो पाय हलला. ती जिथं बघत होती, बरोबर त्याच फरशीवर जाऊन टेकला. तिनं नजर पुढच्या फरशीवर नेली, पाय तिच्यामागे गेला. “त्यो माझाच हाय ना गं?” तिनं विचारलं. मी हो म्हणाले. शेतात हयात गेली माझी, बी उगवताना पाहिलंय, वासरू जन्मताना पाहिलंय, पण नुसत्या बघण्यानं पाय परत येतो हे मी पहिल्यांदा पाहिलं.

तीन आठवड्यांत ती पूलची आडवी रुंदी ओलांडायला लागली होती, माझ्या हाताच्या आधारानं का होईना. आणि मग ही वाळू आली. दोन दिवसांत फरशीवरचा पट्टा रुंद झाला आणि पाणी गढूळलं, पातळ ताकासारखं दिसायला लागलं. तिसऱ्या दिवशी आई पहिल्या पायरीवर थांबली आणि वळली.

“पाय दिसंना,” ती म्हणाली. “मी उतरायची न्हाई.”

मी चिडले. “आई, जन्मभर चिखलात उभी राहिलीस. तिथं कुठं पाय दिसत होते तुला?”

“तिथं पाय माझे व्हते,” ती म्हणाली. “आता दिसल त्येवढाच माझा.”

मी तिला खुर्चीत बसवलं आणि पंपाच्या खोलीत गेले.

आमचा फिल्टर म्हणजे छातीएवढ्या उंचीचा फायबरचा राखाडी रांजण आहे. आत वाळू भरलेली. पूलचं घाण पाणी वरून येतं, वाळूतून खाली झिरपतं आणि तळातून स्वच्छ होऊन पूलमध्ये परत जातं. डोक्यावर एक हँडल, एक दाब दाखवणारा काटा. हँडल फिरवलं की पाणी उलटं वाहतं, तळातून वर, आणि वाळूत अडकलेली घाण बाहेरच्या गटाराला लागते. त्याला बॅकवॉश म्हणतात. ठिबकवाल्या माणसाला यातलं काही शिकवावं लागत नाही, कारण विहिरीचं पाणी ठिबकला सोडण्याआधी असल्याच वाळूच्या फिल्टरमधून जातं. लग्न होऊन आले त्या वर्षी मला भाकरीच्या आधी बॅकवॉश शिकवला गेला.

मी आणि आमच्या ह्यांनी मिळून तो रांजण उघडला. वाळू स्टीलच्या ग्लासनं उपसायची, कारण तोंड अरुंद आणि आत खरवडलं तर तळाचं काही मोडायची भीती. माझा अख्खा एक दिवस त्या ग्लासापायी गेला. तळाशी पोचलो तेव्हा आठ प्लास्टिकचे फाटे दिसले, मधल्या दांड्याभोवती चहूबाजूंनी पसरलेले, वीतभर लांबीचे. त्यांना बारीक चिरा असतात. पाणी चिरेतून आत जातं, वाळू बाहेर राहते. आठांतला एक मुळापाशी मोडला होता. तिथून वाळू सरळ पूलमध्ये जात होती. पाहुण्यांच्या पोरांची मी मनातल्या मनात माफी मागितली.

आता आमच्या भागाची एक रीत आहे. कुठलाही पार्ट आणायचा तर जुना पार्ट घेऊन जायचं. नाव कुणाला माहीत नसतं आणि माहीत असलं तरी त्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. एसटीत माणसं रुमालात पंपाचा बुश बांधून बसलेली असतात, बायका मिक्सरच्या भांड्याचं रबर पदराला बांधून आणतात. दुकानात पाय ठेवला की नमस्काराच्या आधी प्रश्न येतो, ‘सॅम्पल आणलंय का?’ मला ही रीत कायम गावंढळ वाटायची. माझ्या हातात चांगला मोबाईल होता. मी मोडलेल्या फाट्याचे चार बाजूंनी चार फोटो काढले, फूटपट्टी शेजारी ठेवून, आणि ओल्या हातांनीच नारायणगावात ठिबकच्या दुकानात गेले.

“सॅम्पल आणलंय का, वहिनी?” दुकानदारानं विचारलं.

मी मोबाईल पुढे केला. त्यानं फोटो मोठा करून पाहिला, लहान करून पाहिला, डोकं खाजवलं. “असंच दिसतंय, पण हातात धरल्याबिगर मी सांगू शकत न्हाई. सॅम्पल घेऊन या.”

“लांबी तीच आहे ना? आटे तेच आहेत ना? मग द्या. आठही द्या, एकदाच बदलून टाकते.”

त्यानं दिले. मी जिंकल्याच्या थाटात घरी आले. आम्ही फाटे बसवले, वाळू भरली, पंप सुरू केला. दुसऱ्या दिवशी सकाळी फरशीवर वाळूचा ढीग होता. आधी एका फाट्यातून गळत होती, आता आठांतून गळत होती. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

मी दुकानदाराला फोन लावला आणि मनसोक्त बोलले. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “वहिनी, सॅम्पल आणलं असतं तर ही वेळ आली नसती. एक काम करा. पेठला हायवेला पंपाच्या जळालेल्या मोटारी भरणारे एक गृहस्थ आहेत. त्यांना पूलच्या फिल्टरमधलं कळतं. पण ह्या बारीला सगळं घेऊन जा. सगळं.”

त्या संध्याकाळी आई म्हणाली, “मला वर डोंगरात सोड. तिथं बसायला माझी जागा हाय.” चार दिवस ती खुर्चीतून उठली नव्हती. मॅडम येऊन गेल्या, त्यांनी पाय हलवून पाहिला आणि माझ्याकडे बघितलं, तेव्हाच मला कळलं होतं की पाय मागं चाललाय. वर भावाचं घर आहे, भाऊ चांगला आहे, पण तिथं उंबऱ्यापासून खाली उतरणच आहे. तिथं गेली की ती बसणार, आणि बसली की परत उठणार नाही, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. मी थांब म्हणाले. ती म्हणाली, “ह्यो बाजार ऱ्हाऊ दे, त्याच्या पुढच्या बाजारापर्यंत थांबते. मंग मी तुझं आयकायची न्हाई.”

बाजार नऊ दिवसांवर होता.

दुसऱ्या दिवशी मी पिकअप घेऊन पेठला गेले. सोबत गोणीत मोडलेला फाटा, न मोडलेले सात, नारायणगावचे आठ, हँडलच्या खालचं आख्खं झाकण, डब्यात वाळू आणि बाटलीत पूलचं पाणी. पत्र्याच्या शेडमध्ये ते गृहस्थ तांब्याची तार गुंडाळत बसले होते. साठी ओलांडलेले, चष्म्याला दोरा बांधलेला. अवसरीच्या बाजूला कुठल्याशा वर्कशॉपमध्ये त्यांची नोकरी झाली होती. त्यांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. गोणीकडे बघून म्हणाले, “शाब्बास. ओता.”

मी फोटोची हकीकत सांगितली. ते हसले. “फोटूला जाडी नसती, ताई.”

त्यांनी वर्तमानपत्र पसरलं. माझा जुना फाटा आडवा धरला, त्यावर चिमूटभर वाळू ठेवली आणि फाटा हलवला. वाळू चिरांवर नाचली, पण खाली कागदावर एक कण पडला नाही. मग नारायणगावचा फाटा घेतला. तीच वाळू, तीच चिमूट. यावेळी कागदावर बारीक सर पडली. डोळ्यांना दोन्ही चिरा सारख्याच दिसत होत्या. मी बोट फिरवून पाहिलं, नखानं पाहिलं, मला फरक कळेना. वाळूला मात्र कळत होता.

“हा फाटा बी चांगलाच हाय,” ते म्हणाले. “पन ह्याच्याखाली बारीक खडीचा थर लागतो. नुसत्या वाळूला ह्यो चालत न्हाई. दुकानदाराची चूक न्हाई.”

मी खाली बघितलं. त्यांनी मागच्या फळीवरून एक पेटी काढली. तिच्यातला एक फाटा घेतला, जुन्याशेजारी धरला, आटे फिरवून बघितले, वाळूची चिमूट घेतली. एक कणही पडला नाही. मग माझ्या झाकणाच्या पोटातलं रबर काढलं. ते चाकासारखं असतं, मधोमध आरे. त्यांनी डोळे मिटून त्यावरून अंगठा फिरवला आणि एका आऱ्यावर थांबले. “हितं खाल्लंय. थोडं घाण पानी वाळूत न जाता हिकडनंच पळतंय.” मी बघितलं तर केसाएवढी खाच होती. त्यांनी तीन नवी रबरं काढली, तिन्ही मला सारखीच दिसली. त्यांनी दोन बाजूला सारली आणि एक दिलं. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मला विचारायचं धाडस झालं नाही.

“एवढी घाई कुणासाठी, ताई? पावणं येनार हायेत का?”

मी आईचं सांगितलं. पाय दिसला तरच तिचा असतो, हेही सांगितलं. त्यांनी पेटी पुन्हा जवळ ओढली, मला द्यायचे आठ फाटे बाहेर काढले आणि एकेक ट्यूबलाइटसमोर धरून बघायला लागले. एकेका फाट्याला पन्नासेक चिरा असतील. ते प्रत्येक चिरेतून येणारा उजेड बघत होते. बाहेर नाशिकच्या रस्त्यावर ट्रक धडधडत होते, आत ते फाटा कणाकणानं फिरवत होते. दोन फाटे त्यांनी परत ठेवले. “ह्यात एक चीर जराशी फाटलीय,” म्हणाले, आणि दुसरे दोन काढून त्यांचाही उजेड बघितला. कधी न पाहिलेल्या एका म्हातारीच्या पायासाठी तो माणूस चारशे चिरांमधून डोळा घालत होता. मला रडू आलं, आणि ते लपवायला मी बाहेर जाऊन पिकअपचा टायर बघत उभी राहिले.

निघताना त्यांनी समजावलं. “पैल्यांदा रांजनात निम्मं पानी भरा, मंग वाळू सोडा. कोरडी वाळू वरून आदळली म्हनून तुमचा फाटा मोडला. मधल्या नळीच्या तोंडाला पिशवी बांधा. बाकी वाळूवर सोडा.”

त्यांनी सांगितलेलं सगळं मी ऐकलं, शेवटचं सोडून.

फाटे बसले. वाळू पाण्यात हळूहळू सोडली, पिशवी सोडवली, झाकण आवळलं, पंप सुरू केला. फरशी झाडून घेतली. दुसऱ्या दिवशी एक कण वाळू आली नाही. मी आनंदानं ओरडले. पण पाणी होतं तसंच होतं, पांढुरकं. आईला काठावर नेलं. तिनं बघितलं आणि मान हलवली.

मग मी त्या फिल्टरच्या मागं लागले. सकाळी उठले की बॅकवॉश, दिवे लागायच्या आत बॅकवॉश. बागायतीत हेच शिकले होते. वाळू मळली की ठिबकची भोकं बुजतात, बुजली की झाडं वाळतात, म्हणून वाळू नेहमी धुतलेली हवी. उलटं पाणी गटारात पडायचं, मातकट, मग स्वच्छ, आणि ते स्वच्छ झालं की मला बरं वाटायचं. अजून एकदा केलं तर अजून बरं, म्हणून दुपारी सगळे झोपले की मी गुपचूप तिसरा करायची.

आई खुर्चीतून हे बघत होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “अगं, किती ढवळतीस? निवळू तरी दे.”

“ढवळत नाही, धुतेय.”

“उन्हाळ्यात वढ्याच्या वाळूत आमी झिरा खनायचो. पैलं पानी गढूळ यायचं. ते येक डाव काढून टाकायचं आन मंग गप बसायचं. तुझ्यावानी उपसत ऱ्हायली अस्ती तर हंडा कदी भरला नस्ता.”

“आई, हे मशीन आहे. झिरा नाही,” मी म्हणाले. जोरात म्हणाले. तिनं तोंड फिरवलं आणि भिंतीकडे बघत बसली.

बाजार चार दिवसांवर आला, तेव्हा मी पेठला फोन लावला. माझा आवाज चढलेलाच होता. तुमचे फाटे बसवले, तुमचं रबर बसवलं, पाणी तसंच आहे, असं सगळं एका दमात बोलून टाकलं.

“काटा किती चढला व्हता?” पलीकडून विचारलं.

“काटा चढू देतच नाही मी. त्याआधीच धुते.”

“किती येळा?”

“दिवसातून दोनदा.”

“तीनदा,” दारातून आमचे हे म्हणाले. “दुपारचा मला दिसतो.”

मग पलीकडून ते म्हणाले, “ताई, तुमी बागायतदार ना?”

“हो.”

“म्हनूनच. हितली समदी हीच चूक करत्यात, म्या बी केलीय. बगा, वाळूच्या दोन दान्यांमदी फट ऱ्हाती. तुमच्या पान्यातली घाण त्या फटीपेक्षा बारीक हाय, ती निघून जाती. पन थोडी घाण त्या फटीत बसली की फट बारीक व्हती. मंग त्याच्याहून बारीक घाण अडकती. मंग त्याच्याहून बारीक. घाणच घाण धरती, ताई. तुमी तिला बसायच्या आधीच हाकलून देताय. ठिबकला येवढं बारीक लागत न्हाई, तिथं चालतं. हितं अति तिथं माती. म्या सांगतो त्या खुनेपर्यंत काटा येऊ द्या, तवर हँडलला हात लावू नका.”

मी फोन ठेवला आणि पंपाच्या खोलीच्या पायरीवर बसले. इतके दिवस मी दुकानदाराला बोलले, पोरांना बोलले, पेठच्या माणसाला बोलले, आईला बोलले. पाणी गढूळ ठेवत होते मी. माझ्याच हातांनी, दिवसातून तीनदा. आणि आईनं ते खुर्चीत बसून, फिल्टर उघडून न बघता, सांगितलं होतं.

कपाळाची टिकली काढून मी काट्याच्या काचेवर चिकटवली, त्यांनी सांगितलेल्या खुणेवर. काटा टिकलीला टेकेपर्यंत हँडलला शिवायचं नाही. हे लिहायला सोपं आहे. पहिल्या दिवशी मी त्या खोलीत अकरा वेळा गेले आणि अकरा वेळा हात पाठीमागे बांधून परत आले. ह्यांनी शेवटी खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली आईकडे दिली. आईनं ती कंबरेच्या पिशवीत टाकली आणि म्हणाली, “आता माग.”

दुसऱ्या दिवशी दुपारी पलीकडच्या शिडीची दुसरी पायरी दिसायला लागली. आधी एकच दिसत होती. संध्याकाळी तिसरी दिसली, की मला भास झाला, ते ठरवता येईना.

तिसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर मी काठावर गेले आणि तिथंच उभी राहिले. पाणी आहे की नाही, हेच कळेना. जांभळाचं एक पान तळाला पडलं होतं, त्याच्या शिरा दिसत होत्या. पानाची सावली पानाशेजारी फरशीवर पडली होती, तिची कडही दिसत होती. मी वाकून हात बुडवला तेव्हा कुठं पाणी हललं आणि तळाशी उन्हाची जाळी थरथरली. एवढं मोठं पाणी, आणि ते एका रांजणातल्या वाळूतून थेंब-थेंब जाऊन असं झालं होतं, आणि जे गढूळ होतं त्यानंच ते निवळलं होतं. मी कुणी भाविक बाई नाही, देवळात गेले तरी चपलांवर डोळा असतो माझा. पण त्या सकाळी माझे हात आपोआप जोडले गेले. कुणाला, ते मला आजही सांगता येत नाही. वाळूला असेल, पेठच्या त्या अंगठ्याला असेल. काटा अजून टिकलीच्या बराच खाली होता.

आईला घेऊन आले. तिनं काठावरून पाहिलं, बराच वेळ. मग काष्टा मारायला लागली.

पायऱ्या उतरताना तिनं गजाला धरलं होतं, मी तिच्या दंडाला. आठवडाभराच्या वर ती पाण्यात नव्हती, मला वाटत होतं पाय सगळं विसरला असेल. तिनं खाली बघितलं. पाय तिथं होता. तिनं नजर पुढच्या फरशीवर नेली, पाय हलला नाही. पुन्हा नेली. माझी बोटं तिच्या दंडात रुतली.

“हात काढ,” ती म्हणाली.

“पडशील.”

“तू वढून धरतीस, मला माझा पाय कळंना. काढ हात.”

मी काढला. माझे दोन्ही हात पाण्यावर तसेच राहिले, तिच्यापासून वीतभर लांब, आणि ते जवळ न नेणं हे त्या हँडलपेक्षाही अवघड होतं. आई मान खाली घालून पायाकडे बघत होती, आणि तिचे ओठ हलायला लागले. वाट चुकलेल्या वासराला बोलवावं तशी ती त्याला बोलवत होती, हळू आवाजात. “ये. ये. ये बाबा.”

आणि तो आला. एक फरशी, मग दुसरी. मध्येच ती थांबली, तोल गेला, तिनं दोन्ही हात पाण्यावर पसरले आणि तोल परत आणला. मग पुन्हा “ये.” पूलची रुंदी पंधरा पावलांची आहे, मी ती हजार वेळा झाडली आहे. एवढी रुंद ती मला कधी दिसली नव्हती. काठावर आमचे हे उभे होते, हातात झाडू घेऊन, तो झाडू त्यांनी हलवलाही नाही.

आईचा हात पलीकडच्या भिंतीला लागला. तिनं भिंत धरली, दम घेतला आणि पाठ भिंतीला टेकवून माझ्याकडे वळली. मी अजून या टोकाला होते, पायऱ्यांपाशी. आमच्या मध्ये सगळा पूल होता आणि त्याच्या तळाशी तिचे दोन्ही पाय मला इथून स्पष्ट दिसत होते.

“उद्या बाजार ना गं?” तिनं विचारलं.

“हो.”

“तुझी तू जाऊन ये,” ती म्हणाली. “मला अजून माघारी चालत यायचंय.”